करडांचा घास आणि योजनेचा खड्डा

घरामागे आंब्याच्या किंवा महूच्या सावलीला विटांच्या एका थराने आखलेला उथळ खड्डा, त्यात अंथरलेला प्लास्टिकचा जाड कागद आणि कागदावर वाळून भेगाळलेली माती. शेजारी योजनेच्या नावाचा फलक अजून उभा असतो. खड्ड्यात मात्र थेंबभर पाणी नसते. ग्रामीण महाराष्ट्रात हिंडणाऱ्या कार्यकर्त्याला हे दृश्य परके नाही. हा अझोल्याचा खड्डा. कधीकाळी त्यात पोपटी रंगाचा मखमली थर पसरलेला होता, त्याचे छायाचित्र निघाले, ते अहवालात गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात खड्डा ओस पडला. अहवालात तो अजूनही हिरवागारच आहे.

या खड्ड्याचा विचार नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात करणे अगत्याचे आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६ लाख ४८ हजार असून त्यातील सुमारे ६९ टक्के बांधव भिल्ल, पावरा, कोकणा, मावची अशा वनवासी समाजांतील आहेत. २०१८ साली केंद्र सरकारने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत नंदुरबारचा समावेश झाला. अक्कलकुवा आणि धडगाव ही नावे मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांतून बहुधा एकाच कारणाने झळकतात, ते कारण म्हणजे बालकांचे कुपोषण. पावसाळ्यात चार दिवस मथळे येतात, कोणीतरी दौरा करून जाते आणि दिवाळीपर्यंत सारे विसरले जाते. त्या पाड्यांवरचे अर्थकारण कशावर चालते, हे मात्र त्या मथळ्यांखाली क्वचितच वाचावयास मिळते. डोंगरउतारावरची पावसाळी शेती, दिवाळीनंतरचे स्थलांतर आणि दाराशी बांधलेल्या चार-दोन शेळ्या, एवढ्यावर तेथील घर चालते.

शेळीला गरिबाची गाय म्हणतात. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या आढळल्या. महाराष्ट्रात ही संख्या एक कोटीच्या वर आहे. सातपुड्यातील कुटुंबाच्या दृष्टीने मात्र शेळी ही दुधापेक्षा अडीअडचणीला उपयोगी पडणारी ठेव असते. मूल तापाने फणफणले, होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार आला, लग्न ठरले किंवा महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या याहामोगी मातेच्या यात्रेला जायचे ठरले, की बोकड विकून गरज भागविली जाते. बँकेची पायरी न चढता मोडता येणारी ही एकमेव ठेव असते. या ठेवीवरचे व्याज म्हणजे करडे. ती जगली तर व्याज मिळते, दगावली तर मुद्दलही हळूहळू आटत जाते. म्हणून शेळीपालनाचा खरा प्रश्न शेळी वाटण्याचा नसून करडू जगविण्याचा आहे. शेळ्या वाटणाऱ्या योजना पुष्कळ झाल्या. पुढच्या वर्षी किती करडे जगली, याची मोजदाद किती योजनांनी ठेवली, हा प्रश्न विचारणे अनेकांना गैरसोयीचे वाटेल.

करडाचे पहिले तीन महिने फार नाजूक. जन्मतः दोन-अडीच किलो वजनाच्या त्या जिवाला पहिल्या तासा-दोन तासांत आईचा चीक मिळाला, तर रोगांशी झुंजण्याचे पहिले बळ त्याला मिळते. चीक घट्ट आणि पिवळसर असतो म्हणून तो पिळून टाकण्याची चूक आजही काही घरांत होते. त्यानंतर दूध. गावठी शेळीचे दूध ते किती! त्यातले थोडे घरच्या मुलांच्या वाट्याला जाते, शेळीला जुळी झाली असतील तर उरलेले दोघांत वाटले जाते, आणि दोघांत जे दुबळे ते मागे सारले जाते. दोन-तीन आठवड्यांचे झाले की करडू आईचे पाहून कोवळा पाला चघळू लागते. हा चघळण्याचा खेळ त्याच्या आयुष्याचा पाया असतो, कारण रवंथ करणारे मोठे पोट जन्मतः अगदी लहान असते आणि घन आहार मिळत गेला तरच त्याची वाढ होते. या दिवसांत पाला नसेल, तर करडू माती चाटते, दोर चघळते, भिंतीचे पोपडे खाते. मग जंत, हगवण आणि पहिल्या पावसाच्या गारठ्यात छातीचा विकार. मृगाच्या सरींनी शेतकऱ्याचे मन फुलते, त्याच सरी अशक्त करडांवर उठतात.

अझोल्याचा विचार येथे सुरू होतो. शासकीय पत्रकांत, एवढेच काय पण कृषिविषयक लेखांतही, अझोल्याला बेधडक शेवाळ म्हटले जाते. वास्तविक ते शेवाळ नव्हे; पाण्यावर तरंगणारे ते अगदी चिमुकले नेचे आहे. त्याच्या पानांच्या पोकळीत ॲनाबिना नावाचा नीलहरित सूक्ष्मजीव वस्ती करून असतो. नेचे त्याला आसरा देते आणि तो हवेतील नत्र बांधून नेच्याला पुरवितो. या सहजीवनामुळे अझोला खतावाचूनही नत्राने समृद्ध राहतो आणि अनुकूल हवेत अवघ्या काही दिवसांत दुप्पट होतो. चीन आणि व्हिएतनाममधील शेतकरी शतकानुशतके भाताच्या खाचरांत त्याचा हिरवळीच्या खतासारखा उपयोग करीत आले. आपल्याकडे कटक येथील भात संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात त्यावर पद्धतशीर काम झाले. त्या काळी भर होता तो खतावर. जनावराच्या खाद्यासाठी खेडूताच्या परसात अझोला नेण्याचे श्रेय मोठ्या अंशी कन्याकुमारीकडे जाते.

विवेकानंद केंद्राच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विकास प्रकल्पात डॉ. कमलासनन पिल्लै यांनी अझोला वाढविण्याची अत्यंत साधी रीत बसविली. अमरावती जिल्ह्यातील टिमटाळ्यात जन्मलेल्या एकनाथजी रानडे यांनी १९७० साली श्रीपाद शिलेवर स्मारक उभे केले आणि १९७२ साली जिवंत स्मारक म्हणून केंद्राची स्थापना केली. लाखो सामान्यांच्या एकेक रुपयातून जे उभे राहिले, त्याची एक फांदी शेणाच्या काल्यात हात घालून दरिद्री शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचली, हे एकनाथजींच्या कार्यपद्धतीला साजेसेच झाले. महाराष्ट्रात एकनाथजींचे नाव शिलास्मारकासाठी घेतले जाते. या खड्ड्याशी असलेला त्यांच्या केंद्राचा संबंध फारसा कोणाला ठाऊक नसतो.

रीत थोडक्यात अशी. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि वीतभर खोल खड्डा घ्यावा, किंवा जमिनीवरच विटा उभ्या लावून वाफा करावा. त्यावर सूर्यप्रकाशात टिकणारा जाड कागद अंथरावा, दहा-पंधरा किलो चाळलेली माती पसरावी, दोन किलो शेण दहा लिटर पाण्यात कालवून आणि त्यात ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट मिसळून ओतावे आणि दहा सेंटिमीटर पाणी भरावे. वर अर्धा ते एक किलो ताजा अझोला सोडावा. दहा-पंधरा दिवसांत वाफा भरतो आणि रोज अर्धा किलोच्या आसपास अझोला काढता येतो. पुढे दर पाच दिवसांनी किलोभर शेण आणि २० ग्रॅम सुपर फॉस्फेट, दर दहा दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदलणे, महिन्याने पाच किलो माती बदलणे आणि सहा महिन्यांनी सारे स्वच्छ करून नव्याने प्रारंभ. भातशेतीसाठी अझोला वाढवीत असताना किडीवर औषध फवारण्याची शिफारस जुन्या पुस्तिकांत आढळते. करडांच्या तोंडी जाणाऱ्या अझोल्यावर तसले काहीही टाकता कामा नये. कीड पडली तर वाफा रिकामा करावा. सांडपाण्यावरही तो वाढवू नये, कारण पाण्यातील जड धातू हे नेचे सहज शोषून घेते.

येथवर सारे सुरळीत आहे. गडबड सुरू होते ती प्रचारापासून. वाळविलेल्या अझोल्यात प्रथिनांचे प्रमाण २० ते २५ टक्के असते, हे खरे. परंतु व्याख्यानात ‘वाळविलेल्या’ हा शब्द गिळला जातो. ताज्या अझोल्यात ९३-९४ टक्के पाणी असते. म्हणजे रोजच्या अर्धा किलो अझोल्यात कोरडा भाग जेमतेम ३० ग्रॅम, आणि त्यातील प्रथिने सात-आठ ग्रॅम. भुईमुगाच्या पेंडीत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. तेव्हा एवढी प्रथिने सुमारे २० ग्रॅम पेंडीतून मिळतात. वर्षातील ३०० दिवस वाफा उत्तम चालला, तरी त्याची प्रथिने सहा किलो पेंडीची बरोबरी करतील, अधिक नाही. हा हिशेब कोणत्याही शाळकरी मुलाला करता येईल. तरीही अझोल्याने पेंडीचा खर्च निम्मा होतो, दुधाच्या गंगा वाहतात, अशी वाक्ये टाळ्या घेत राहतात. कन्याकुमारीच्या प्रयोगांत दीड-दोन किलो अझोला नेहमीच्या खुराकासोबत दिल्यावर गाईंचे दूध १५ ते २० टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे. ‘नेहमीच्या खुराकासोबत’ हे शब्दही असेच गळून पडतात. ज्या शेळीला खुराकच नाही, तिला अझोल्याचा चमत्कार कोठून दिसणार? वनवासी शेतकरी भोळा असेल, पण तो आपले जनावर रोज पाहतो. दोन महिन्यांत चमत्कार दिसला नाही, की तो खड्डा बुजवितो, आणि त्याबरोबर सांगणाऱ्यावरचा विश्वासही त्या खड्ड्यात जातो. हे दुसरे नुकसान मोठे आहे.

मग अझोला सोडून द्यावा काय? मुळीच नाही. त्याला त्याच्या योग्य जागी बसवावे, एवढेच. ती जागा मोठ्या जनावराच्या गव्हाणीत नाही, ती करडांच्या तोंडाशी आहे. करडाला लागणारा घासच मुळात मूठभर. अझोल्यात काष्ठमय भाग अत्यल्प असल्याने कोवळ्या पोटाला तो जड जात नाही. प्रथिनांखेरीज त्यातून लोह, चुना, स्फुरद आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य मिळते. फाल्गुनानंतर पळस-बोरीखेरीज हिरवे पान दिसेनासे होते, तेव्हा माती चाटणाऱ्या करडाला या मूठभर हिरव्याचे मोल फार. पाच-सहा करडांसाठी दोन मीटरच्या वाफ्याचीही गरज नाही. एक मीटर लांबी-रुंदीचा वाफा किंवा उभा चिरलेला जुना पिंप पुरतो. सरकारी मापदंडात हा चिमुकला वाफा कदाचित बसणार नाही. न बसो.

तो द्यावा कसा, यातही खुबी आहे. शेळी हे चोखंदळ जनावर. गाय शेणाचा वास थोडाफार चालवून घेईल, शेळी नाक मुरडते आणि तिचे पाहून करडूही. म्हणून अझोला चाळणीत घेऊन दोन-तीन पाण्यांतून धुवावा, निथळू द्यावा, आणि पहिले काही दिवस मक्याच्या भरड्यात किंवा तुरीच्या चुणीत चिमूटभर मिसळून बोटाने चाटवावा. तीन-चार आठवड्यांच्या करडाला चिमूट, मग अर्धी मूठ, मग मूठ. आठवड्यात गोडी लागते. शेवरी, हादगा, सुबाभूळ, बाभळीच्या शेंगा हे आपल्या घरचे खाद्य सोडून अझोल्याच्या मागे लागणे हा तर शुद्ध वेडेपणा होईल. बांधावर लावलेली शेवरी आणि हादगा वर्षानुवर्षे पाला देतात आणि रोज पाणी मागत नाहीत. ज्या पाड्यावर ही झाडे लावलेली नाहीत, तेथे आधी ती लावावीत.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर तोही हिशेब मांडावा लागेल. दोन मीटरच्या वाफ्यात ४०० लिटर पाणी मावते. खानदेशच्या मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास बाष्पीभवन होते. म्हणजे या वाफ्यातून रोज ४० लिटर पाणी उडून जाते. सावलीत ते कमी, परंतु दर दहा दिवसांनी बदलायचे पाणी त्यात मिळवा. एकूण तीन हंड्यांचा जमाखर्च झाला. अक्कलकुवा-धडगावच्या वरच्या पाड्यांवर हे तीन हंडे दरीतल्या झिऱ्यावरून कोणाच्या डोक्यावर येतात, हे सांगावयास नको. नर्मदेच्या बुडिताकाठी तर डोळ्यांसमोर अथांग पाणी आणि चढावर हंडा घेतलेली माउली, असा विसंवाद उन्हाळाभर दिसतो. त्या माउलीला नेच्यासाठी आणखी तीन हंडे आण म्हणून सांगणारा माणूस, त्याचा हेतू कितीही शुद्ध असो, अपराधीच ठरेल. निसर्गाची गंमत अशी, की अझोल्याला मानवते २० ते ३० अंशांचे तापमान. पावसाळ्यात तो धो धो वाढतो, तेव्हा रानात हिरव्याला तोटा नसतो. त्याची निकड असते उन्हाळ्यात, तेव्हा तो उन्हाने तांबडा पडून विरघळू लागतो. तोरणमाळ-दाबच्या बाजूला हिवाळ्यातील कडाक्यातही त्याची वाढ खुंटते. दाट सावली आणि हातपंपाचे वाहून जाणारे स्वच्छ पाणी यांचा मेळ जेथे बसतो, तेथेच हा उद्योग करावा. नवापूर, नंदुरबार, शहादा, तळोदा तालुक्यांतील सपाटीवरच्या कित्येक गावांत तो बसतो. डोंगरावर आधी पाणी अडवावे.

आधी पाणी आणि रान, मग बाकीचे. हा क्रम शेजारच्या धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याने घालून दिला आहे. साक्री तालुक्यातील या छोट्या पाड्यावर चैत्राम पवार यांनी वनवासी कल्याण आश्रमाच्या साहाय्याने १९९० च्या दशकात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावाकडूनच पाळवून घेतली आणि शेकडो हेक्टर उजाड रान पुन्हा उभे केले. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतलेला हा तरुण नोकरीमागे न जाता पाड्यावर राहिला. २०२५ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. बारीपाड्याचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी लागते. कोठेही चराईबंदी करावयाची म्हटली, की पहिला प्रश्न शेळीचा उभा राहतो. रानाचे कोवळे फुटवे खुडणारे जनावर म्हणून शेळीवर वनखात्याचा राग असतो, आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु ज्याची सारी ठेव चार शेळ्यांत आहे, त्याला केवळ ‘शेळ्या सोडू नकोस’ म्हणून भागत नाही. त्या बांधून काय घालायचे, हेही सांगावे लागते. बांधावरची शेवरी, शेतातील तुरीचा भुसा, मक्याची भरड आणि करडांना मूठभर अझोला, असे उत्तर हातात असेल तर चराईबंदीची भाषा माणसाच्या तोंडी शोभते. रान राखणे आणि करडू जगविणे यांत विरोध आहे, असे मानणारे पर्यावरणवादी शहरात पुष्कळ आहेत. पाड्यावर या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

नंदुरबार जिल्ह्यासाठीचे कृषी विज्ञान केंद्र कोळदे येथे डॉ. हेडगेवार सेवा समिती चालविते, ही संघपरिवारातील वाचकांना अभिमानाची गोष्ट वाटणे स्वाभाविक आहे. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीत निघाले. प्रयोगशाळेतील ज्ञान बांधावर नेणे हे त्यांचे काम. प्रयोगशाळेपासून बांधापर्यंतचे अंतर बरेच कापले गेले आहे. अवघड आहे ते बांधापासून चुलीपर्यंतचे, आणि ते कोणत्याही एका केंद्राच्या मूठभर तज्ज्ञांनी कापायचे नाही. ते काम गावागावांत जाणाऱ्या कार्यकर्त्याचे.

याचे कारण असे. प्रशिक्षणाच्या यादीत नावे असतात ती बहुधा घरच्या कर्त्या पुरुषांची. ते तालुक्याला येतात, मराठीतून व्याख्यान ऐकतात, चहा घेतात, सही करतात. दिवाळी झाली की त्यांतील कितीतरी जण बायको-मुलांसह गुजरातेत, सुरत-बारडोलीकडे ऊसतोडीला किंवा मजुरीला निघून जातात. होळीला येतात, पुन्हा जातात. मागे घर कोण सांभाळते? म्हातारी आजी, आणि तिच्या हाताशी शाळकरी नातवंडे. शेळ्या आणि करडे तिच्याच हवाली असतात. अझोल्याच्या खड्ड्याची खरी मालकीण तीच, आणि तिला मात्र खड्ड्याबद्दल कोणी चार शब्दही सांगितलेले नसतात. तिला मराठी बेताचीच कळते; ती पावरी बोलते, भिली बोलते. मुलाने मागे ठेवलेल्या त्या हिरव्या पाण्याला ती रोज बघते आणि एक दिवस त्यातले पाणी मिरचीच्या रोपांना घालून मोकळी होते. तिची चूक काय? शिबिर घ्यायचे तर तिच्या ओट्यावर घ्यावे, तिच्या बोलीत घ्यावे, तिच्या चाळणीने आणि तिच्या हाताने घ्यावे. पिढ्यान् पिढ्या करडे वाढविणाऱ्या त्या बाईपाशी सांगण्यासारखेही पुष्कळ असते. कोणता पाला हगवण थांबवितो, कोणत्या करडाने आईची कास सोडली आहे, हे ती चार पावलांवरून सांगते. पंडित दीनदयाळजींनी ज्याला रांगेतील शेवटचा माणूस म्हटले, तो ऊसतोडीला जाणारा तरुणही नव्हे. त्याच्यामागे पाड्यावर उरलेली ही आजी आहे.

या दृष्टीने पाहिले म्हणजे अझोल्याचा एक गुण ध्यानी येतो, जो कोणत्याही पृथक्करणाच्या तक्त्यात सापडणार नाही. रोज सकाळी चाळणीभर अझोला काढून, धुऊन, एकेका करडाला मूठ-मूठ चारायचा म्हणजे रोज प्रत्येक करडू हाताखालून जाते. जे करडू आज घास घेत नाही, ज्याची शेपटी घाण झाली आहे, जे कोपऱ्यात पाठीची कमान करून उभे आहे, ते त्याच दिवशी नजरेस येते. हगवणीने दोन दिवसांत दगावणाऱ्या जिवाच्या बाबतीत एक दिवस आधी कळणे म्हणजे बहुधा जीव वाचणे. मीठ-साखरेचे पाणी, जंतांचे औषध, आंत्रविषाराची लस या गोष्टी वेळेवर व्हाव्यात यासाठी कोणाचे तरी लक्ष रोज करडावर पडले पाहिजे. सात ग्रॅम प्रथिनांची किंमत भले वीस ग्रॅम पेंडीएवढी असेल, या लक्षाची किंमत तशी काढता येणार नाही. वाफ्यातून दर दहा दिवसांनी काढलेले पाणी परसातल्या भाजीला चालते, हा वरचा लाभ. जुना अझोला मात्र ओढ्यात वा तळ्यात फेकू नये. सारे पाणी झाकून टाकण्याइतका तो चिवट आहे. तो उकिरड्यावर टाकावा.

शहरातील अनेक सुस्थित कुटुंबे वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला सेवाकार्यासाठी देणगी देतात. ‘अमुक रुपयांत एक खड्डा’ ही कल्पना त्यांना भावते, कारण पैशाचे काय झाले ते छायाचित्रात दिसते. ही वृत्ती निंदनीय नाही. परंतु कागद, विटा आणि अर्धा किलो अझोला हा सर्वांत स्वस्त भाग आहे. महाग आहे ते पुढचे वर्षभर दर पंधरवड्याला त्या पाड्यावर जाऊन वाफ्यात हात घालणारा माणूस. त्याच्या मोटारसायकलीचे इंधन, त्याच्या घरचा शिधा आणि पावसाळ्यात वाहून जाणारे रस्ते ओलांडण्याची त्याची जिद्द, यांचे छायाचित्र निघत नाही. देणगी द्यायचीच असेल तर त्यासाठी द्यावी. दहा खड्डे कमी निघाले तरी चालतील.

आणि शेवटी विरजणाचा प्रश्न. अझोल्याचे बी दुकानात विकत मिळत नाही. तो एका वाफ्यातून दुसऱ्यात न्यावा लागतो, घरोघरच्या विरजणासारखा. एका घरचे नासले तर शेजारणीकडून वाटीभर आणता येते. साऱ्या गावाचे नासले तर मात्र पंचाईत. मेच्या उन्हात बहुतेक वाफे जातात, ते जाणारच, त्याचे फार दुःख करू नये. जूनमध्ये नव्याने लावण्यापुरता जिवंत अझोला दर पाच-सात पाड्यांमागे एका ठिकाणी टिकला, तरी पुरे. त्यासाठी वनवासी मुलामुलींचे वसतिगृह ही उत्तम जागा आहे. तेथे हौद असतो, झाडांची सावली असते, मोरीचे नव्हे तर विहिरीचे पाणी असते, आणि पाड्यांवरून आलेली मुले सुटीत घरी जाताना ओल्या गोणपाटात मूठभर अझोला घेऊन जाऊ शकतात. आजीला तिच्या बोलीत समजावून सांगणारा याहून चांगला प्रशिक्षक कोणत्या विद्यापीठातून आणणार? अडचण एकच आहे. ज्या मे महिन्यात अझोला सर्वाधिक जपावा लागतो, त्याच महिन्यात वसतिगृहे सुटीमुळे रिकामी असतात. हौदावर गोणपाट कोण टाकणार आणि रोज चार बादल्या पाणी कोण ओतणार, ते एप्रिलमध्येच नावानिशी ठरवून घ्यावे लागेल.